आकाश आणि उकिरडा

मेक्सिकोच्या जुन्या कृष्णधवल चित्रपटांत आकाश कधी रिकामं नसतं. खाली घायपाताच्या रांगेतून एखादी बाई चाललेली असते, डोक्यावरून शाल, पाय अनवाणी. क्षितिज पडद्याच्या अगदी तळाशी ढकललेलं असतं आणि वरचा सगळा पडदा ढगांचा. गर्द राखाडी आभाळावर पांढरेशुभ्र, कडा कोरून काढलेले ढग. हे चित्रपट पाहायला लागले तेव्हा कितीदा तरी गोष्ट बाजूला राहिली आणि मी नुसती वर बघत बसले.

त्या आभाळामागे गाब्रिएल फिगेरोआ नावाचा कॅमेरामन आहे. मेक्सिकोत लोक त्या आभाळाला त्याच्याच नावाने ओळखतात. त्या काळच्या कृष्णधवल फिल्मवर निळा रंग फार उजळ उमटायचा, त्यामुळे आभाळ पांढरंफटक व्हायचं आणि ढग त्यात विरून जायचे. कॅमेऱ्याला लाल फिल्टर लावला की निळा प्रकाश अडतो, आभाळ काळवंडतं आणि ढग पुढे येतात. एवढं छायाचित्रण शिकणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. फिगेरोआ त्याच्या पुढे गेला. आपल्या आणि दूरच्या डोंगराच्या मधल्या हवेलाही रंग असतो, हे लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवलेलं त्याने वाचलं, आणि तो हवेचा थर पुसून काढण्यासाठी फिल्टरांचे, अगदी इन्फ्रारेडचेही प्रयोग केले. म्हणून त्याच्या चौकटीत जवळचं घायपात आणि कोसभर दूरचा ज्वालामुखी सारख्याच धारेने दिसतात. डोळ्याला प्रत्यक्षात कधी दिसणार नाही इतकं स्वच्छ.

त्याचा जन्म १९०७चा, मेक्सिको सिटीतला. बाळंतपणातच आई गेली, घरचा पैसाही पुढे संपला. चित्रकला आणि व्हायोलिन दोन्ही शिकत होता, दोन्ही सोडावं लागलं. फोटो स्टुडिओत कामाला लागला, तिथून सिनेमाच्या सेटवर स्थिरचित्रं काढायला. १९३५मध्ये हॉलिवूडला जाऊन तिथल्या नावाजलेल्या कॅमेरामन ग्रेग टोलंडच्या हाताखाली शिकून आला. परत आल्यावर स्वतंत्रपणे केलेला पहिलाच चित्रपट, १९३६चा ‘आया एन एल रांचो ग्रांदे’, स्पॅनिश बोलणाऱ्या जगभर धो धो चालला, आणि १९३८मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याच्या छायाचित्रणाला पारितोषिक मिळालं. मेक्सिकन सिनेमाचं सुवर्णयुग म्हणतात ते साधारण इथून सुरू होतं.

चित्रकाराचा डोळा त्याच्याकडे शेवटपर्यंत राहिला. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस सरकारी इमारतींच्या भिंतींवर देशाचा इतिहास रंगवत होते, आणि फिगेरोआ त्यांच्यात वावरत होता. त्याने टिपलेल्या ‘फ्लोर सिल्व्हेस्त्रे’ या चित्रपटाच्या खेळाला ओरोस्को त्याच्या शेजारी बसला होता. पडद्यावर एक अंत्यविधीचं दृश्य आलं आणि तो चमकला, कारण ते हुबेहूब त्याच्याच चित्रासारखं होतं. फिगेरोआने लगेच सांगून टाकलं, की मी चोर आहे पण प्रामाणिक चोर आहे. ही हकीकत तो स्वतः सांगायचा. मला ती आवडते ती चोरी कबूल केल्यामुळे नाही. आपल्या देशातल्या भिंतीवरचं चित्र आपल्याच देशातल्या निरक्षर प्रेक्षकापर्यंत न्यायचं आहे, हे त्याला इतकं स्पष्ट दिसत होतं म्हणून.

त्याला जोडीदार मिळाला तो दिग्दर्शक एमिलियो फेर्नांदेस. कोआविलातल्या खाणीच्या गावात जन्मलेला, आई किकापू या मूलनिवासी जमातीची, म्हणून सगळे त्याला ‘एल इंदिओ’ म्हणत. तरुणपणी एका फसलेल्या बंडात सामील झाला, तुरुंगात गेला, निसटून अमेरिकेला पळाला आणि तिथे सिनेमाशी गाठ पडली. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन १९३० ते ३२ या काळात मेक्सिकोत चित्रपट करत होता. तो चित्रपट अपुरा राहिला, पण त्यातल्या घायपातांनी, रुंद काठाच्या टोप्यांनी आणि विशाल आभाळांनी फेर्नांदेसला वेड लावलं. पटकथेला मौरिसिओ माग्दालेनो, संकलनाला ग्लोरिया शोएमान, कॅमेऱ्याला फिगेरोआ अशी त्याची मंडळी जमली आणि १९४३पासून सहा-सात वर्षांत त्यांनी जे चित्रपट केले, त्यांवर जगाने मेक्सिकोला ओळखलं.

त्यातला सगळ्यांत गाजलेला ‘मारिया कांदेलारिया’. काळ १९०९चा, जागा सोचिमिल्को, कालव्यांमधली तरंगती फुलशेती. मारियाची आई वेश्या होती म्हणून गावाने मुलीलाही वाळीत टाकलंय. तिची फुलं कुणी विकू देत नाही. तिच्याजवळ एक डुकरीण आहे. ती वाढली, तिला पिल्लं झाली की लोरेन्सो राफाएलशी लग्न करायचं, एवढाच तिचा संसाराचा हिशेब. गावचा दुकानदार डॉन दामियान थकलेल्या उधारीपायी तिच्या मागे लागतो, आणि शेवटी ती डुकरीण मारून टाकतो. मारियाला हिवताप होतो तेव्हा सरकारने पाठवलेलं क्विनाइन त्याच्याच कपाटात असतं आणि तो ते देत नाही. लोरेन्सो राफाएल दुकान फोडतो, औषध आणतो, सोबत लग्नासाठी एक पोशाखही उचलतो, आणि तुरुंगात जातो. मग एक चित्रकार, मारियाच्या चेहऱ्याचं चित्र, उघड्या अंगासाठी उभी राहिलेली दुसरीच बाई, ते चित्र पाहून पेटलेलं गाव, आणि दगड.

मूळ कारण आईचं, शिक्षा मुलीला, आणि शिक्षा देणारे तिच्याइतकेच गरीब. हे कळायला मला उपशीर्षकांचीसुद्धा गरज पडली नाही. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणी समजावून द्यावं लागत नाही.

१९४६च्या पहिल्या कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ते त्या वर्षी अकरा चित्रपटांत वाटलं होतं, आणि त्या अकरांत आपल्या चेतन आनंदचा ‘नीचा नगर’ही होता. वर टेकडीवर राहणारा धनिक आपलं गटार खालच्या वस्तीत सोडतो, अशी ‘नीचा नगर’ची गोष्ट. हे दोन चित्रपट एकाच यादीत पाहिले की मला फार बरं वाटतं. एकमेकांची नावंही न ऐकलेल्या दोन देशांत, त्याच सुमाराला, कुणीतरी गावकुसाकडे कॅमेरा वळवला होता.

पण एक गोष्ट टोचते, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. मारियाचं काम केलंय दोलोरेस देल रिओने. दुरांगोच्या श्रीमंत घरातली मुलगी, वीसेक वर्षांची असताना हॉलिवूडला गेलेली, तिथे मोठी नटी झालेली, चाळिशीला टेकताना मायदेशी परतलेली. ती अनवाणी चालते, लाजून मान खाली घालते, तुटक स्पॅनिश बोलते, आणि फिगेरोआचा प्रकाश तिच्या गालांच्या हाडांवर असा पडतो की देवळातली मूर्ती वाटावी. माझी एक मैत्रीण हा चित्रपट अर्ध्यावर सोडून उठली. तिचं म्हणणं, उपाशी बाईला इतकं सुंदर दाखवलं की बघणाऱ्याला तिची भूक दिसत नाही, फक्त ती दिसते. तिच्या म्हणण्यात वजन आहे. आपल्याच साहित्यात गावाच्या गोड वर्णनांसमोर दलित आत्मकथनं उभी राहिली तेव्हा हाच प्रश्न विचारला गेला होता: हे सौंदर्य कुणाच्या डोळ्यांना दिसतंय?

मी तिला ‘पुएब्लेरिना’ दाखवला. १९४९चा, हीच मंडळी, पण मोठे तारे नाहीत. कोलुम्बा दोमिंगेस आणि रोबेर्तो कान्येदो. आउरेलिओ तुरुंगातून सुटून गावी येतो. त्याच्या पालोमावर गावच्या धनदांडग्याने बलात्कार केलेला असतो, तिला त्यातून झालेला मुलगा आहे. आउरेलिओ म्हणतो, आपण लग्न करू. दोघं तयारी करतात. अंगण झाडलेलं, जेवण शिजवलेलं, वाजंत्री आलेले, बाकं मांडलेली. आणि कुणी येत नाही. धनदांडग्यांनी दम भरलाय, सगळं गाव दाराआड बसलंय. नवरा-नवरी रिकाम्या बाकांकडे बघतात. मग तो उठतो, तिला हात देतो, आणि दोघंच नाचायला लागतात, गाऊ लागतात. भलं मोठं अंगण, वर ते भलं मोठं आभाळ आणि मध्ये ही दोघं.

इथे ते आभाळ शोभेचं राहत नाही. लग्नाला न आलेल्या सगळ्या गावाएवढी मोकळी जागा दाखवायला फिगेरोआला तेवढं आभाळ लागतं. ज्यांच्याजवळ काहीही नाही त्यांना चौकटीत एवढी जागा देणं ही दया नव्हे, तो मान आहे, असं मला ठामपणे वाटतं. मैत्रीण त्या प्रसंगाला काही बोलली नाही, पण चित्रपट शेवटपर्यंत बसून पाहिला.

हे सगळं घडू शकलं त्यात युद्धाचा मोठा हात होता. जर्मन पाणबुड्यांनी तेलवाहू जहाजं बुडवल्यावर मे १९४२मध्ये मेक्सिको दोस्तांच्या बाजूने युद्धात उतरला. अर्जेंटिना तटस्थ राहिला, म्हणून अमेरिकेने त्याचा कच्च्या फिल्मचा पुरवठा आखडला आणि मेक्सिकोला फिल्म, यंत्रं, भांडवल दिलं. हॉलिवूड युद्धपटांत गुंतलं होतं, स्पेन यादवीतून सावरत होता, आणि हवानापासून ब्वेनोस आइरेसपर्यंत स्पॅनिश समजणारा प्रेक्षक तिकिटाचे पैसे घेऊन उभा होता. चित्रपटांना कर्ज द्यायला १९४२मध्ये खास बँक निघाली, १९४५मध्ये चुरुबुस्को स्टुडिओ उभा राहिला. १९५०च्या सुमाराला वर्षाला शंभरावर चित्रपट निघत होते. विनोदी नट कान्तिन्फ्लासची न संपणारी, कशाचाच अर्थ न लागू देणारी बडबड, घोड्यावरून गाणारा होर्हे नेग्रेते, मारिया फेलिक्सची ती वर चढलेली भुवई, रात्रीच्या क्लबात रुंबा नाचणाऱ्या आणि पोटासाठी झिजणाऱ्या बायकांच्या गोष्टी. आणि पेद्रो इन्फान्ते, जो खरोखरच सुतारकाम करून वर आला होता आणि ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’मध्ये सुतारच झाला. १५ एप्रिल १९५७ला तो विमान अपघातात गेला तेव्हा वय अवघं ३९. अजून दर १५ एप्रिलला त्याच्या कबरीपाशी माणसं जमून त्याची गाणी म्हणतात.

याच सुवर्णयुगात मातिल्दे लान्देता ही एकटी बाई दिग्दर्शनाला उभी राहिली होती. कितीतरी वर्षं सेटवर दृश्यांची टिपणं ठेवायचं काम केल्यावर तिने १९४८ ते १९५१ या काळात स्वतःचे तीन चित्रपट केले, आणि त्यानंतर तिला जवळजवळ चाळीस वर्षं चित्रपट करू दिला गेला नाही. पुढचा आला तो १९९१मध्ये. सुवर्णयुग म्हणताना हे सोनं कुणाला वाटलं गेलं, तेही बोललं पाहिजे.

आता त्या माणसाकडे येते, ज्याचा चेहरा मला या काळातल्या कुठल्याही नायकापेक्षा जास्त लक्षात राहिलाय. मिगेल इन्क्लान. ‘मारिया कांदेलारिया’तला तो क्विनाइन दडवणारा दुकानदार तोच. ‘नोसोत्रोस लोस पोब्रेस’मधला नशेत बुडालेला क्रूर माणूस तोच. ‘सालोन मेखिको’मध्ये मात्र तो नाचणाऱ्या बाईवर मुकाट प्रेम करणारा साधा पोलीस आहे, आणि त्याच्यासारखा कोमल माणूस त्या चित्रपटात दुसरा नाही. आणि १९५०च्या ‘लोस ओल्विदादोस’मध्ये तो आंधळा गायक आहे. पोरं त्याला दगड मारतात, त्याची वाद्यं फोडतात, आपल्याला कळवळा येतो. आणि मग कळतं की हा आंधळा लहान मुलीला जवळ ओढणारा, पोरांच्या मरणाची वाट बघणारा माणूस आहे. कळवळा कुठे ठेवायचा ते समजत नाही.

‘लोस ओल्विदादोस’ लुईस बुन्युएलचा. स्पेनमधून यादवीने हुसकलेला, १९४९मध्ये मेक्सिकोचा नागरिक झालेला. शहराच्या कडेच्या वस्त्यांतली पोरं, सुधारगृहातून पळालेला हाइबो, आणि चांगलं वागायची मनापासून इच्छा असलेला पेद्रो. कॅमेऱ्यावर पुन्हा फिगेरोआच. पण इथे एकही ढग नाही. आभाळ आहे, पण धुरकट आणि बिनकामाचं. अर्धवट बांधलेल्या इमारतीचा लोखंडी सांगाडा, धूळ, कोंबड्या, भिंती. पेद्रोला स्वप्न पडतं, त्यात आई हसत हसत त्याच्याकडे येते, तिच्या हातात कच्च्या मांसाचा लोळ, आणि पलंगाखालून हाइबोचा हात येऊन तो ओढून घेतो. जागेपणी ही आई मुलाला जेवायला देत नाही. त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाच्या वेळी सेटवरची एक केशभूषाकार बाई काम सोडून निघून गेली; मेक्सिकोतली कुठलीच आई असं करणार नाही, असं तिचं म्हणणं. बुन्युएलने आत्मचरित्रात हे नोंदवलंय. मला त्या बाईबद्दल आदर वाटतो. ती खोटं बोलत नव्हती. चित्रपटही खोटं बोलत नव्हता.

शेवटी पेद्रोचं प्रेत पोत्यात घालून गाढवावर लादतात. वाटेत आई भेटते, मुलाला शोधत निघालेली, आणि शेजारून निघून जाते. प्रेत गावाबाहेर नेऊन उकिरड्यावर ढकललं जातं. संपलं.

मेक्सिकोत गहजब झाला. देशाची बदनामी म्हणून वर्तमानपत्रं तुटून पडली आणि चित्रपट काही दिवसांतच थिएटरांतून उतरला. एप्रिल १९५१मध्ये तो कानला गेला, तेव्हा एक तरुण कवी प्रवेशद्वारापाशी उभा राहून स्वतः लिहिलेला, बुन्युएलची बाजू मांडणारा लेख हातोहात वाटत होता. तो ऑक्टाव्हियो पाझ, पॅरिसच्या मेक्सिकन वकिलातीत नोकरीला असलेला. आपलंच सरकार ज्या चित्रपटावर नाराज आहे त्याच्यासाठी सरकारी नोकराने दारात उभं राहायचं, याला धाडस लागतं. बुन्युएलला उत्कृष्ट दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं आणि मग मायदेशीही चित्रपट पुन्हा लागला, चालला. त्याच वर्षाच्या अखेरीस पाझची भारतात बदली झाली. बोटीने तो मुंबईला उतरला, गेटवेसमोरच्या ताजमहाल हॉटेलात थांबला, आणि शहर पाहायला पायी बाहेर पडला. त्या पहिल्या दिवसाचं वर्णन त्याने पुढे सविस्तर लिहिलंय. ते वाचताना माझ्या मनात येतं, की उकिरड्यावर संपणाऱ्या त्या चित्रपटासाठी उभा राहिलेला माणूस काही महिन्यांतच आमच्या रस्त्यांवरून चालत होता.

फिगेरोआ आणि बुन्युएल यांनी मिळून सात चित्रपट केले. ‘नासारिन’च्या चित्रीकरणाच्या वेळी फिगेरोआने एक चौकट लावली. मागे पोपोकातेपेत्ल ज्वालामुखी, त्यावर ते पांढरे ढग, सगळं निर्दोष. बुन्युएल आला, कॅमेरा उलटीकडे फिरवला आणि समोरच्या साध्या, रूक्ष माळरानावर दृश्य घेतलं. ही गोष्ट नेहमी बुन्युएलच्या बाजूने सांगितली जाते, सुंदरतेला भुलणाऱ्या कॅमेरामनला मिळालेला धडा म्हणून. माझं लक्ष मात्र फिगेरोआकडे जातं. ज्या आभाळावर त्याचं नाव झालं, त्याच्याकडे पाठ करून तो काम करत राहिला. पुन्हा त्याच दिग्दर्शकाकडे गेला. त्याला दोन्ही दिसत होतं. पुएब्लेरिनाचं अंगण आणि पेद्रोचा उकिरडा एकाच माणसाने एका वर्षाच्या अंतराने टिपलेत, आणि यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं, असं मला म्हणता येत नाही.

आणि मग १९६०चा ‘माकारिओ’. दिग्दर्शक रोबेर्तो गाव्हाल्दोन, कथा बी. ट्रॅव्हनची, कॅमेरा फिगेरोआचा. परकीय भाषेतल्या चित्रपटांच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला मेक्सिकोचा हा पहिला चित्रपट. स्पॅनिश राजवटीतला मेक्सिको, मृतांच्या सणाचे दिवस. मेलेल्यांसाठी पंगती मांडल्या जातायत आणि जिवंत लाकूडतोड्या माकारिओ उपाशी आहे. घरात पोरं बरीच, आपल्या ताटातलं तो त्यांना देतो. एक दिवस तो भाजलेल्या टर्की पाहतो आणि हट्ट धरतो: एक अख्खी टर्की, एकट्याने, कुणालाही न देता खाईन, नाहीतर खाणारच नाही. इग्नासिओ लोपेस तार्सो हे बोलतो तेव्हा त्यात लाचारी नाही, लाडिकपणाही नाही. जन्मभर वाटून खाल्लेल्या माणसाचा तो हक्क आहे. बायको, म्हणजे पिना पेयिसेर, जिथे धुणी धुते तिथून टर्की चोरते, पोरं झोपल्यावर शिजवते आणि पहाटे त्याच्या हातात देते. हा एकच प्रसंग घेऊन कुणी चित्रपट केला असता तरी मला पुरला असता.

रानात तो खायला बसतो आणि एकेक पाहुणा येतो. आधी सैतान, मग देव. दोघांनाही तो वाटा नाकारतो. तिसरा येतो मृत्यू, त्याच्यासारखाच फाटका, हजारो वर्षं उपाशी. त्याला तो अर्धी टर्की देतो. का दिलीस, असं विचारल्यावर सांगतो, की तू आलास म्हणजे मला आता वेळ नाही. तू खात बसशील तेवढा वेळ मलाही खायला मिळेल. गरिबाच्या हुशारीचं इतकं नेमकं उदाहरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पुढे मृत्यू त्याला एका गुहेत नेतो. काकावामिल्पाच्या खऱ्या गुहांत ते चित्रीकरण झालं. जमिनीपासून छतापर्यंत मेणबत्त्या, प्रत्येक ज्योत म्हणजे एक आयुष्य. आभाळ लावायला फिगेरोआजवळ इथे ढगच नाहीत, खडकाचं छत आहे, आणि त्याने खालच्या ज्योतींनी ते छत उजळलंय. मैत्रिणीचा प्रश्न मी इथे पुन्हा विचारून पाहिला: एवढ्या सौंदर्यात भूक दिसते का? दिसते, कारण संपूर्ण चित्रपटात आपण त्या अर्ध्या टर्कीला विसरत नाही.

या चित्रपटांच्या कितीतरी प्रती २४ मार्च १९८२ला मेक्सिको सिटीतल्या सिनेतेका नासिओनाल या राष्ट्रीय संग्रहालयाला लागलेल्या आगीत जळाल्या. तरी नावाजलेल्यांपैकी बरेच आज चांगल्या दुरुस्त प्रतींत बघायला मिळतात. कुणाला सुरुवात करायची असेल तर ‘माकारिओ’पासून करावी. त्यानंतर ‘पुएब्लेरिना’ आणि ‘लोस ओल्विदादोस’ लागोपाठ पाहावेत, जमलं तर एकाच आठवड्यात, आणि सोबत वाद घालणारं कुणीतरी असावं. ‘मारिया कांदेलारिया’ शेवटी. आमच्या घरी तो पुढच्या महिन्यात पुन्हा लावायचं ठरलंय. मैत्रीण येते म्हणालीय, आणि या वेळी तिला तो पुरा पाहायचाय.